ब्रिटनमधील सरकारी पत्राची परीक्षा

सरकारी मजकूर सोपा असावा ही मागणी ब्रिटनमध्ये जुनी आहे. तो वाचून लोक नेमके काय करतात हे मोजण्याची पद्धत मात्र तिथे २०१० नंतरच रुजली.

ऑगस्ट १९४० मध्ये, ऐन युद्धात, पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी लांबलचक अहवालांना कंटाळून एक टिपण काढले. मुख्य मुद्दे छोट्या परिच्छेदांत मांडावेत, तपशील परिशिष्टात टाकावा आणि पोकळ शब्दप्रयोग गाळावेत, असे त्यात बजावले होते. युद्धानंतर रेशन, सामाजिक विमा आणि आरोग्य सेवा यांमुळे सरकारी कागद घरोघरी पोहोचू लागले. अर्थखात्याच्या सांगण्यावरून अर्नेस्ट गॉवर्स या मुरलेल्या अधिकाऱ्याने नोकरशाहीसाठी ‘प्लेन वर्ड्स’ ही पुस्तिका लिहिली. ती १९४८ मध्ये निघाली आणि १९५४ मध्ये ‘द कम्प्लीट प्लेन वर्ड्स’ या रूपात विस्तारली. वाचणाऱ्याला आपले म्हणणे चटकन आणि अचूक कळावे, हे त्यांच्या शिकवणीचे सार होते.

पुस्तिका गाजली, तरी फॉर्म किचकटच राहिले. १९७९ मध्ये लिव्हरपूलच्या क्रिसी माहेर यांनी लंडनमध्ये संसदेसमोरच्या चौकात सरकारी फॉर्मांच्या जाहीरपणे चिंध्या केल्या आणि ‘प्लेन इंग्लिश कॅम्पेन’ सुरू केली. पुढे १९८२ मध्ये सरकारनेच फॉर्मांची झाडाझडती घेतली आणि हजारो फॉर्म रद्द झाले किंवा नव्याने लिहिले गेले. या साऱ्या प्रयत्नांत चांगला मजकूर कोणता हे जाणकारच ठरवत होते.

हे गृहीतक वर्तनशास्त्राने हलवले. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांचे ‘नज’ हे पुस्तक २००८ मध्ये आले. माणसे हिशेब करून नव्हे, तर सवय, आळस आणि इतरांचे वागणे पाहून बरेचसे निर्णय घेतात, हा विचार त्यामुळे धोरणकर्त्यांपर्यंत पोहोचला. २०१० मध्ये ब्रिटनच्या कॅबिनेट ऑफिसात डेव्हिड हॅल्पर्न यांच्या हाताखाली ‘बिहेवियरल इनसाइट्स टीम’ स्थापन झाली. औषधांच्या चाचण्यांत जे करतात, तेच या पथकाने पत्रांच्या बाबतीत केले: लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडायचे, प्रत्येक गटाला वेगळा मजकूर पाठवायचा आणि निकाल मोजायचा.

सर्वात गाजलेला प्रयोग करखात्याचा. २०११ मध्ये कर थकवलेल्या सुमारे एक लाख लोकांना स्मरणपत्रे गेली. काहींना नेहमीचे पत्र मिळाले. बाकीच्यांच्या पत्रात एखाददुसरे वाक्य जास्त होते. एका वाक्यात करातून रस्ते, शाळा, आरोग्य सेवा चालतात असे सांगितले होते, तर दुसऱ्यात कर न भरल्यास त्या सेवांचे नुकसान होते असे. सर्वाधिक परिणाम झाला तो वेगळ्याच मजकुराचा: देशातले दहापैकी नऊ जण वेळेवर कर भरतात आणि न भरणाऱ्या मोजक्यांत तुम्ही आहात. या पत्रामुळे २३ दिवसांत पैसे भरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे पाच टक्केबिंदूंनी वाढले. कागद, टपाल, पाकीट यांचा खर्च तेवढाच राहिला. करखात्याच्या दुसऱ्या एका पत्रात माहितीच्या पानाऐवजी थेट फॉर्मचीच लिंक दिली, तेव्हा प्रतिसाद १९.२ वरून २३.४ टक्क्यांवर गेला.

अंदाज किती फसवे असतात हे अवयवदानाच्या चाचणीत दिसले. वाहनकर किंवा लायसन्सचे ऑनलाइन काम आटोपल्यावर लोकांना दाता म्हणून नोंदणीचे आवाहन दिसे. त्याचे आठ मजकूर दहा लाखांहून अधिक लोकांवर तपासले गेले. ‘तुम्हाला गरज पडली तर तुम्ही अवयव घ्याल का? मग इतरांनाही मदत करा’ अशा आशयाचा मजकूर पहिला आला. हसऱ्या माणसांच्या घोळक्याचा फोटो जोडलेले आवाहन मात्र साध्या, बिनफोटोच्या मजकुरापेक्षाही मागे पडले. चाचणी झाली नसती तर कदाचित तोच फोटो देशभर झळकला असता.

२०१४ मध्ये पथकाने आपला अनुभव चार सूत्रांत बांधला: काम सोपे करा, लक्ष वेधून घ्या, इतर लोक काय करतात ते दाखवा आणि योग्य वेळ साधा. त्याच वर्षी पथक सरकारबाहेर पडून अंशतः ‘नेस्टा’ संस्थेकडे गेले आणि २०२१ मध्ये पूर्णपणे तिच्या मालकीचे झाले.

टीकाही झाली. केवळ अशा उपायांनी मोठ्या समाजसमस्या सुटत नाहीत, असे लॉर्ड्स सभागृहाच्या समितीने २०११ मध्येच म्हटले होते. फॉर्मच्या शेवटी घेण्याऐवजी सुरुवातीलाच सही घेतली तर लोक खरे लिहितात, हा २०१२ चा प्रसिद्ध निष्कर्ष आकडेवारीतील गैरप्रकारामुळे २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. अमेरिकेतील दोन मोठ्या पथकांच्या १२६ चाचण्यांचा आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी परिणाम १.४ टक्केबिंदूंचा भरला, तर विद्यापीठीय शोधनिबंधांत तो ८.७ टक्केबिंदू होता. म्हणजे परिणाम खरा, पण माफक; आणि एका खात्यात लागू पडलेले वाक्य दुसऱ्या खात्यात पुन्हा तपासूनच वापरावे लागते.