लोणार: खारापासून पडद्यापर्यंत

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे गाव एका प्रचंड खड्ड्याच्या काठावर वसले आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात उल्का आदळून झालेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल आहे. तळाशी खारे पाणी, उतारावर दाट झाडी, आत आणि काठावर जुनी देवळे, आणि वरच्या कडेला गोमुखाची गोड्या पाण्याची बारमाही धार. या जागेची माहिती किमान चारशे वर्षे बाहेरच्या जगात जात आली आहे. ती कोणी नेली, तिच्यातले काय नेले आणि काय मागे राहिले, हा लोणारच्या इतिहासाचा मोठा भाग आहे. देशोदेशीच्या शाळा आता पडद्यावर एकमेकींना भेटून आपापला वारसा सांगू लागल्या आहेत, त्यामुळे या भागाकडे नव्याने पाहायला हवे.

अकबराच्या काळात अबुल फजलने लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार येते. ते मेहकर सरकारात मोडत असे. ब्राह्मण या क्षेत्राला विष्णुगया म्हणतात, असे तिथे नोंदले आहे, आणि त्याच ओघात काच व साबण करायला लागणारा माल इथे मिळतो, त्यावरच्या करातून सरकारला चांगले उत्पन्न होते, हेही सांगितले आहे. पुण्यक्षेत्र आणि बाजारपेठ या दोन्ही गोष्टी एका दमात सांगणारी ही नोंद फार मोलाची आहे. पुढच्या काळात लोणारविषयी लिहिणाऱ्यांनी बहुधा यातली एकच बाजू उचलली.

सरोवराला पाणी बाहेर जायला वाट नाही. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी आत येते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे राहतात. पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो, म्हणजे ते साबणाच्या पाण्यासारखे अल्कधर्मी असते. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर आणि चिखलात खार धरतो. तो गोळा करून विकणे हा इथला शेकडो वर्षांचा धंदा होता. साबण करणारे, कापड रंगवणारे, बांगड्यांची काच ओतणारे हे त्याचे गिऱ्हाईक. खार काढणाऱ्यांनी त्याची नावेही ठरवली होती: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. कोणता खार किती शुद्ध, कोणता खड्याचा, कोणता पापुद्र्याचा, कोणता भुग्याचा, हे त्यांना पाहून कळे. ही वर्गवारी कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधीची आहे. १९१२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि ख्रिस्ती या दोघांनी लोणारच्या भूगर्भावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा सरोवराचे पाणी आणि क्षार हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. कारखान्यातला स्वस्त सोडा बाजारात आल्यावर खाराचा धंदा मावळला आणि ती नावे बोलण्यातून मागे पडली.

क्षेत्र म्हणून लोणारची ओळख लवणासुराच्या कथेशी जोडलेली आहे. भूमीखाली राहणाऱ्या या असुराचा वध विष्णूने केला, असे कथा सांगते. गावातले दैत्यसूदन मंदिर त्याच रूपाचे. ताऱ्याच्या आकाराचा तलविन्यास आणि भिंतींवर दाटीने कोरलेली शिल्पे यांमुळे ते विदर्भातल्या मध्ययुगीन देवळांत उठून दिसते. सरोवराच्या काठावर कमळजा देवीचे ठाणे आहे, नवरात्रात तिथे यात्रा भरते. आडव्या पडलेल्या मारुतीची मोठी मूर्ती आणि लिंबी बारव हीही गावची ठळक ठिकाणे. खारे पाणी, मोठा खड्डा आणि जमिनीखालचा असुर यांची सांगड घालणाऱ्या माणसांनी आपल्या परीने या जागेचे कोडे सोडवायचा प्रयत्न केला होता. ती कथा म्हणजे लोणारविषयीचे पहिले स्पष्टीकरण आहे, आणि त्याच आदराने ती वाचली पाहिजे.

युरोपीय लिखाणात लोणार आले ते १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यामुळे. त्यानंतर जवळपास दीड शतक वाद चालला तो एकाच प्रश्नाचा: खड्डा ज्वालामुखीचा की आणखी कशाचा? चारही बाजूंना लाव्ह्याचाच दगड असल्यामुळे ज्वालामुखी हे उत्तर सरळ वाटे. या वादातली एक गोष्ट विशेष आहे. अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातला तसाच खड्डा कशाने झाला, याचा विचार करताना ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या नामवंत भूवैज्ञानिकाने १८९६ साली लोणारचा दाखला दिला. दोन्ही खड्डे भूगर्भातल्या वाफेच्या स्फोटाने झाले असावेत, असा त्याचा कल होता. निष्कर्ष चुकला, पण वऱ्हाडातले एक गाव आणि अ‍ॅरिझोनाचे वाळवंट यांची जोडी तेव्हा जुळली ती कायमची.

अ‍ॅरिझोनाचा खड्डा उल्केचाच हे १९६०च्या सुमारास यूजीन शूमेकर यांच्या कामातून पक्के झाले, आणि लोणारकडे पुन्हा नजर वळली. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सरोवराच्या तळाला भोके पाडून गाळाखालचा दगड वर काढला. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे संशोधक या कामात सहभागी होते. फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या चौघांचा निबंध १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. प्रचंड दाबाने काचेसारखे झालेले मॅस्केलिनाइट हे द्रव्य लोणारच्या दगडात सापडले होते, आणि ज्वालामुखीत इतका दाब निर्माण होत नाही. चंद्रावरून आणलेल्या दगडांचा अभ्यास त्याच वर्षांत जोरात चालला होता. चंद्राचा काळसर भाग बेसाल्टचा, लोणारही बेसाल्टचे. पृथ्वीवर बेसाल्टमध्ये पडलेली आणि इतकी चांगली टिकलेली विवरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, म्हणून लोणारचा दगड जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला. विवराचे वय आधी सुमारे ५२ हजार वर्षे मानले जाई. पुढे आर्गॉन पद्धतीने केलेल्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले.

या सगळ्या काळात लोणारहून नमुने गेले आणि बाहेरून निबंध आले. निबंध इंग्रजीत असल्याने गावातल्या शाळेत त्यांचा धडा फार उशिरा झाला. दुसरीकडे खाराची नावे, बारवांचे पाणी, यात्रेचे रिवाज या गोष्टी त्या निबंधांत बसणाऱ्या नव्हत्या. ही तूट मोठी आहे, आणि ती भरून काढू शकणारी एक रीत शिक्षणाच्या जगात वेगळ्याच वाटेने वाढत होती.

फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२०च्या दशकात वर्गात छोटे छापयंत्र आणले. मुलांनी आपल्या गावाविषयी लिहून छापलेला मजकूर ते दूरच्या शाळेला पाठवत, सोबत आपल्या भागातल्या वस्तूंचे पार्सल असे. १९८८ मध्ये न्यूयॉर्क आणि मॉस्कोच्या शाळा संगणकाने जोडण्याच्या प्रयोगातून ‘आयअर्न’ हे जाळे उभे राहिले. भारतात त्याचे काम पुण्यातून चालते. महाराष्ट्रात ही रीत घराघरांत माहीत झाली ती रणजितसिंह डिसले यांच्यामुळे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या या शिक्षकाने पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, मुलांना व्हिडिओवरून परदेशातल्या स्थळांची सहल घडवली, आणि वैर असलेल्या देशांतल्या मुलांची आपसात बोलणी घडवून आणली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाले. दहा लाख डॉलरच्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

त्याच २०२० सालच्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. शाळा बंद होत्या, मुले मोबाइलवर शिकत होती. नासाने उपग्रहाने टिपलेली २५ मे आणि १० जूनची चित्रे शेजारीशेजारी प्रसिद्ध केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे दिसले. पाणी आटून क्षार वाढले की त्यांची भरभराट होते. नोव्हेंबरमध्ये सरोवर पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातले ते दुसरे स्थळ. एका जिल्ह्यातली घटना त्या काळात एकाच वेळी गावकऱ्यांनी काठावरून आणि जगाने आकाशातून पाहिली.

देशादेशांतल्या शाळांच्या देवाणघेवाणीला लोणारइतका जुळणारा विषय विदर्भात दुसरा क्वचितच असेल, कारण जोडीदार आधीपासून ठरलेले आहेत. अ‍ॅरिझोनाचे विवर वाळूच्या दगडात व चुनखडीत आहे, त्यामुळे तिथला आणि इथला दगड शेजारी ठेवला की फरक मुलांनाही दिसतो. जर्मनीतले नॉर्डलिंगन हे शहर तर उल्का विवराच्या आतच वसले आहे आणि तिथले जुने चर्च आघाताने बनलेल्या दगडातच बांधलेले आहे. १९७० साली अपोलोचे अंतराळवीर दगड ओळखायला त्या भागात आले होते. लोणारकडून जाणारे साहित्यही तयार आहे: गोमुख आणि सरोवर यांच्या पाण्याची सामू पट्टीने केलेली तपासणी, दैत्यसूदनाच्या शिल्पांची छायाचित्रे, लवणासुराची कथा मुलांच्या आवाजात, आणि दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी या नावांची अर्थासह केलेली नोंद. चारशे वर्षांत यातले पाण्याचे आणि दगडाचे काम बाहेरच्यांनी केले. कथेची आणि नावांची नोंद मात्र लोणारच्या मुलांनी आपल्या आजीआजोबांना विचारूनच करायची आहे.