ग्लिसरिन-अर्क

वनस्पतीतील औषधी घटक मद्यार्काऐवजी ग्लिसरिन व पाण्याच्या मिश्रणात उतरवून केलेला दाट, गोड अर्क. औषधनिर्माणात त्याला ग्लिसराइट म्हणतात. लहान मुलांसाठी आणि मद्यार्क वर्ज्य असलेल्यांसाठी तो मुख्यतः केला जातो.

स्वीडिश रसायनज्ञ कार्ल व्हिल्हेल्म शेले यांनी १७७९ मध्ये ऑलिव्हचे तेल मुरदाडशिंगाबरोबर तापवून ग्लिसरिन प्रथम वेगळे केले. आज ते साबण व बायोडीझेलच्या कारखान्यांत जोडउत्पादन म्हणून मिळते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तेही एक अल्कोहोलच. पण ते झिंग आणत नाही आणि हवेत उडूनही जात नाही.

टॅनिने, शर्करा, बुळबुळीत श्लेष्मल द्रव्ये आणि काही ग्लायकोसाइडे ग्लिसरिनमध्ये चांगली उतरतात. राळ, तेलकट घटक व पुष्कळशी अल्कलॉइडे मात्र त्याला फारशी दाद देत नाहीत. तुळशीचा ग्लिसरिन-अर्क चवीला छान लागतो, पण तुळशीचे सुगंधी तेल त्यात पुरते येत नाही. त्यामुळे ‘मद्यार्काइतकाच गुणकारी, वर गोड’ हा सरसकट दावा खरा नाही. वनस्पती पाहूनच द्रावक निवडावा लागतो.

टॅनिनयुक्त द्रव्यांच्या बाबतीत मात्र ग्लिसरिनला तोड नाही. बिबळ्याच्या खोडाला चीर दिली की लाल रस पाझरतो. तो वाळवून केलेला ‘किनो’ ब्रिटिश औषधकोशात अतिसारावरील स्तंभक म्हणून होता. त्याचे मद्यार्कातले टिंक्चर ठेवल्या ठेवल्या बाटलीतच जेलीसारखे थिजत असे. त्यात ग्लिसरिन मिसळू लागल्यावर ही अडचण बरीचशी दूर झाली.

कृती सोपी आहे. प्रमाण चुकवून चालत नाही. १०० ग्रॅम वाळलेल्या, भरड कुटलेल्या ज्येष्ठमधासाठी ३७५ मिलि. ग्लिसरिन व १२५ मिलि. उकळून गार केलेले पाणी घेतात. निव्वळ ग्लिसरिन इतके दाट असते की कोरड्या भरडीत ते मुरत नाही. पाणी लागते ते त्यासाठी. बरणी चार ते सहा आठवडे झाकून ठेवतात, रोज हलवतात आणि मग जाड फडक्यातून घट्ट पिळून गाळतात. घाई असल्यास बरणी काही तास कोमट पाण्यात ठेवतात. ताज्या पाल्यात पाणी मुळातच भरपूर असते, म्हणून तिथे वरून पाणी घालत नाहीत.

तयार अर्कात ग्लिसरिन निम्म्याहून बरेच जास्त असले, तरच तो टिकतो. ग्लिसरिन पाणी धरून ठेवते आणि जंतूंना वाढीपुरते पाणी मिळत नाही. प्रमाण घसरले की बुरशी धरते. नीट केलेला अर्कही साधारण वर्ष-दोन वर्षेच ठेवावा. मद्यार्कातला अर्क याहून कितीतरी जास्त टिकतो. आयुर्वेदातील आसव-अरिष्टांत आंबण्यातून मद्यार्क तयार होतो, त्यामुळे मद्यार्क टाळणाऱ्यांना तीही चालत नाहीत. ग्लिसरिन जास्त पोटात गेल्यास जुलाब होतात, आणि त्यात उष्मांकही असतात.

सर्वांत मोठी काळजी शुद्धतेची. डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ग्लिसरिनसारखेच दाट व गोड असते, म्हणून दिसण्यावरून वा चवीवरून भेसळ कळत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या सुरुवातीला असे भेसळयुक्त ग्लिसरिन दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले; त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने या प्रकरणातली औषधखरेदी व तपासणी यांतली अनास्था उघड केली. औषधकोशांनी पुढे ग्लिसरिनमधील डायएथिलीन ग्लायकॉलची मर्यादा ०.१ टक्का ठरवली. अर्कासाठी औषधी दर्जाचे, ‘आयपी’ (भारतीय औषधकोश) खूण असलेले सीलबंद ग्लिसरिनच घ्यावे. कारखानी वापराचे सुटे ग्लिसरिन कितीही स्वस्त मिळाले तरी पोटात घ्यायच्या अर्कात घालू नये.