पर्वतीच्या पायऱ्या

उर्दू माध्यमाच्या शाळेतील मुलांना घेऊन मुळशीहून पुण्याच्या पर्वतीवर गेलो, तेव्हा मुले पायऱ्या मोजत चढत होती. मराठीतील 'जिना' हा शब्द मूळ फारसी, उर्दूतही तोच. या जिन्याला १०३ पायऱ्या असल्याचे सांगतात. मुलांचा हिशेब मात्र प्रत्येकाचा वेगळा निघाला.

शहराला टेकडीशी जोडणारी ही दगडी वाट नानासाहेब पेशव्यांच्या काळातली. वरचे देवदेवेश्वराचे मंदिर १७४९ चे. हत्तीलाही चढता यावे म्हणून पायऱ्या रुंद ठेवल्या, असे सांगितले जाते. १७६१ च्या जानेवारीत पानिपताने पेशव्यांचा मुलगा विश्वासराव, चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ आणि मस्तानीचा मुलगा समशेरबहादूर यांना नेले. मराठ्यांच्या बाजूने लढलेला इब्राहिमखान गारदीही मारला गेला. खचलेल्या नानासाहेबांनी त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवरच प्राण सोडला.

इथवरची तवारीख सांगणे सोपे होते. पुढचे सांगताना जीभ अडखळली. हत्तींसाठी रुंद केलेल्या या वाटेने अस्पृश्य माणसाला मात्र देवापर्यंत जाता येत नव्हते. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वती सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्यासोबत एस. एम. जोशी, काकासाहेब गाडगीळ हे सवर्ण कार्यकर्तेही होते. सत्याग्रहींवर दगड पडले, दार उघडले नाही. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ मध्ये.

मुले गप्प झाली. मग सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या गावच्या दर्ग्यात अम्मीला उंबऱ्याबाहेरच थांबवतात."

मला उत्तर सुचेना. दुसऱ्यांच्या देवळाचा इतिहास मी मोठ्या आवाजात सांगत होतो, आणि तिने आमच्या उंबऱ्याकडे बोट दाखवले. हाजीअलीच्या मजारीपर्यंत जाण्याचा स्त्रियांचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये मान्य केला. त्यासाठी स्त्रियांना कोर्टात जावे लागले, ही गोष्ट आपल्याला खटकायला हवी. ज्या दीनने एका सफेत राजाला आणि गुलामाला खांद्याला खांदा लावून उभे केले, त्याच्या नावाने दार बंद करताना आपण कोणाला साक्षी ठेवतो?

उतरताना मुलांनी पायऱ्या पुन्हा मोजल्या. ती मुलगी मोजत नव्हती. खाली पोहोचल्यावर मी तिला एवढेच म्हणालो, "बेटी, हा सवाल घरीही विचार."