हॅर्टाची बोट आणि आपलं बाड हॉम्बुर्ग

पाहुणे आले की आपण त्यांना बाड हॉम्बुर्गचा कुरपार्क, १८४१ सालचा कॅसिनो आणि राजवाड्याचा पांढरा मनोरा दाखवतो. एलिझाबेथनश्ट्रासंला सहसा कुणी नेत नाही. तिथे १८६६ साली बांधलेलं ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर होतं. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी ते जाळलं.

तो इतिहास वाचताना मला विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ आठवली. १९३९ साली प्रसिद्ध झालेली छोटीशी कादंबरी. युरोपहून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर मायदेशी परतणारा चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा. मोजके दिवस, भरभरून प्रेम. मुंबईला चक्रधर उतरतो. हॅर्टाला मात्र पुढे जावं लागतं आणि शेवटी ती समुद्रालाच जवळ करते.

पण मुंबईच्या पुढे कुठे? तर शांघायला! जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देशांचे प्रतिनिधी जमले. सहानुभूती सगळ्यांनी दाखवली, दार जवळजवळ कुणीच उघडलं नाही. ऑक्टोबरपासून ज्यूंच्या पासपोर्टवर लाल ‘जे’ उमटू लागला. शांघायला उतरायला मात्र व्हिसा लागत नसे. म्हणून हजारो निर्वासित तिकडे निघाले.

रणांगण म्हटलं की आपल्याला कुरुक्षेत्र आठवतं. तिथे निदान समोर कोण उभं आहे हे अर्जुनाला दिसत होतं. बेडेकरांच्या बोटीवर ना रथ, ना शस्त्रं. लढाई चालते ती माणसांच्या मनात. देश, धर्म, वंश ही लेबलं काढली तर माणूस म्हणून काय उरतं? आणि जे उरतं, त्याला उतरायला बंदर मिळतं का? माझ्या मते ती बोट म्हणजे त्या वेळचं सगळं जगच आहे.

व्हिसाच्या रांगा आपणही पाहिल्यात. पण आपल्याला परत जायला घर होतं. हॅर्टाला नव्हतं, हा फरक विसरून चालणार नाही.

आपली मुलं हा इतिहास इथल्या शाळेत जर्मनमधून शिकतात. त्यांना जरूर सांगा, की महायुद्ध पुरतं पेटण्याआधीच एका मराठी लेखकाने तो मराठीत लिहून ठेवला होता. पुस्तक लहान आहे. दिवाळीच्या सुट्टीत दोन-तीन संध्याकाळी मोठ्याने वाचून दाखवता येईल.