स्वच्छमंडल-आकारमापन

डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलाची, म्हणजे स्वच्छमंडलाची, वक्रता व जाडी मोजण्याच्या पद्धती. १८८० च्या दशकात पोर्तुगीज नेत्रवैद्य प्लासिडो यांनी काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची तबकडी वापरली. वर्तुळांचे प्रतिबिंब अश्रुथरावर उमटते. ती जिथे दाटतात तिथे वक्रता अधिक. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात डोळा सुकलेला असेल, तर वर्तुळे तुटक दिसतात. रुग्णाला डोळे मिचकावायला सांगून चित्र पुन्हा घ्यावे. शिवाय ही पद्धत पुढचाच पृष्ठभाग दाखवते. फिरता शाइमफ्लूग कॅमेरा मागचा पृष्ठभाग आणि मध्यभागी सुमारे ०.५ मिमी. असणारी जाडीही मोजतो. ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) ही छेदचित्रे घेणारी पद्धत प्रकाशाच्या व्यतिकरणावर चालते. केराटोकोनस, म्हणजे स्वच्छमंडल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा विकार, सुरुवातीलाच ओळखायचा, तर नुसत्या वर्तुळांवर विसंबणे अपुरे आहे. एका यंत्राचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांऐवजी वापरू नयेत.