श्रम आणि शिधा : एका जुन्या मोजमापाची चिकित्सा

श्रमाच्या प्रमाणात अन्न किती वाढवावे, हा प्रश्न पावले मोजणाऱ्या आजच्या यंत्रांच्या पुष्कळ आधी दुष्काळी कामांवर उपस्थित झाला होता. चांदा जिल्हा ज्यात मोडत असे, त्या मध्यप्रांताचे १८६० च्या दशकातील मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ मध्ये मद्रास व मुंबई इलाख्यांतील दुष्काळी मजुरी एक पौंड धान्य व वर किरकोळ रोकड यांवर आणली. एक पौंड तांदळाच्या सुमारे १,६०० कॅलरी होतात. तेवढ्यात विसावलेला देह जेमतेम तगेल, खडी फोडणारा नव्हे. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश व पुण्याची सार्वजनिक सभा यांनी याच मुद्द्यावर हरकत घेतली आणि मद्रासेत त्याच वर्षी मजुरी वाढवावी लागली.

पावलांच्या हिशेबातही हाच दोष संभवतो. चंद्रपूर-गडचिरोलीत चिखलात वाकून धान रोवणाऱ्या स्त्रीची पावले थोडी, श्रम मात्र मोठे. डोक्यावरील मोळीचे ओझेही पावलांच्या आकड्यात उतरत नाही. उलट, दैनंदिन गरजेत नित्याचे श्रम आधीच धरले असता पावलांची भर निराळी घालणे म्हणजे तेच श्रम दोनदा मोजणे होय. म्हणून शिधा ठरविताना आधी श्रमाचे स्वरूप पाहावे, आकडा मागाहून.