नोंद कोणासाठी?



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि एक अवघड विषय निघाला. गावातली एक बाई बरीच वर्षं शहरात देहविक्रीच्या धंद्यात होती. आता ती आईजवळ राहायला आलीय आणि गटात यायचं म्हणते. एकजण म्हणाली, "सरकारनं हा धंदा कायदेशीर करून टाकावा, म्हणजे पोलीस-गुंडांचा जाच तरी थांबेल." दुसरी म्हणाली, "मग उद्या गरिबाच्या लेकी उघडपणे ओढून नेतील." दोघींचंही बोलणं खोटं नव्हतं. म्हणून आम्ही थोडा इतिहास वाचला.

आपल्या देशात सरकारनं या धंद्याची नोंदणी एकदा करून पाहिली आहे. इंग्रजांच्या फौजेत गुप्तरोग फार पसरले, म्हणून १८६८ साली कायदा आला. मुंबईसारख्या शहरांत तो लागू झाला. धंद्यातल्या बाईनं आपलं नाव नोंदवायचं आणि ठरल्या वेळी तपासणीला जायचं. आजार निघाला की तिला खास दवाखान्यात अडकवून ठेवत. त्याला लॉक हॉस्पिटल म्हणत. तपासणी चुकवली तर शिक्षा. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाला मात्र या कायद्यात तपासणी नव्हती! बायका नोंदणी टाळू लागल्या, पळून जाऊ लागल्या. इंग्लंडमध्ये अशाच कायद्याविरुद्ध जोसेफाइन बटलर या बाईंनी मोठी चळवळ केली. तिथला कायदा १८८६ साली रद्द झाला, इथला १८८८ साली. नोंद होती, पण ती शिपायांसाठी होती. बाईच्या हाती काहीच आलं नाही.

मग बंदीनं प्रश्न सुटतो का? देवाला मुली सोडण्याची चाल बंद करायला मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला. १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत कामाठीपुऱ्यातल्या बायकांपुढं भाषण करून हे जिणं सोडण्याचं आवाहन केलं. तरीही २००५ साली महाराष्ट्राला देवदासी प्रथेविरुद्ध पुन्हा नवा कायदा करावा लागला. नुसती बंदी पुरली असती तर ही वेळ आली नसती. पोटाची सोय झाल्याशिवाय बाई सुटत नाही.

आजचा कायदा १९५६ सालचा आहे. सज्ञान बाईनं एकटीनं देहविक्री करणं हा त्यात गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं, मुलींना फसवून आणणं, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत. तिच्या कमाईवर जगणं हाही गुन्हा आहे, त्यामुळं तिचा सज्ञान मुलगाही अडकू शकतो. बाहेरच्या देशांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. स्वीडननं १९९९ साली गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवलं, बाईला नाही. न्यूझीलंडनं २००३ साली सज्ञान बाईच्या या कामाला इतर कामांसारखे कामगारांचे नियम लावले.

आपल्याकडं कोरोनाच्या काळात, २०२० साली, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या बायकांना ओळखपत्र न मागता रेशन द्या. २०२२ साली त्याच न्यायालयानं सांगितलं की पोलिसांनी त्यांना मानानं वागवावं आणि पत्त्याच्या पुराव्यासाठी त्यांचं आधार कार्ड अडू नये.

कायदेशीर करावं की नाही, यावर आमच्या गटात अजून दोन मतं आहेत. पण एक गोष्ट सगळ्यांना पटली. कुठलाही कायदा आला तरी विचारायचं, यातून त्या बाईला काय मिळालं? रेशन, बँकेचं खातं, लेकरांची शाळा, आणि सोडायचं म्हटलं तर बाहेर पडायची वाट मिळाली का? आणि गावात कुणी "मुलीला शहरात कामाला लावतो" म्हणत आला, तर त्याची पुरती चौकशी करायची. शंका आली तर १०९८ वर फोन करायचा.

त्या बाईला विचारूनच आम्ही हे सांगतोय. पुढच्या बैठकीत ती आली, तेव्हा जरा वेळ कुणी बोललं नाही. मग अध्यक्षताईंनी सरकून सतरंजीवर जागा केली. तिनं शंभर रुपयांचा पहिला हप्ता भरला आणि वहीत स्वतःच्या हातानं नाव लिहिलं.